अकरापैकी तीन

तेलंगणात २०२० साली दहावीला अकरा पेपर होते. प्रथम भाषेचे दोन, हिंदीचा एक, इंग्रजीचे दोन, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन. त्या वर्षीच्या मुलांनी त्यांतले तीन लिहिले. गुरुवारी १९ मार्चला पहिला, शुक्रवारी दुसरा आणि शनिवारी, २१ मार्चला, हिंदीचा. हिंदी माझा विषय. नेरडीगोंडा मंडलातल्या एका लहानशा गावच्या हायस्कूलात मी तेव्हा हिंदी पंडित होते. माझ्या विषयाचा पेपर हाच त्या वर्गाचा शेवटचा पेपर ठरला. उरलेले आठ त्यांना कधी लिहायलाच मिळाले नाहीत.

त्या मुलांना आता लोक 'कोरोना बॅच' म्हणतात. न लिहिता पास झालेली. बोलणारा सहज बोलून जातो. कामाच्या ठिकाणी मेमोवरचं, म्हणजे गुणपत्रिकेवरचं, साल बघून कुणी तरी हसतं, आणि समोरचं पोर मान खाली घालून उभं राहतं. मी त्या वर्गाला सहावीपासून शिकवलं. त्यांची तयारी कुठल्या परीक्षकाने तपासली नाही, पण मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. ती पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

नेरडीगोंडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. आदिलाबादहून निघालं की गुडीहतनूर, इच्चोडा, मग नेरडीगोंडा. पुढे घाट उतरला की निर्मल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस आणि सोयाबीन, त्यामागे सागाचं रान, आणि रानात शिरलं की तांडे, गुडे, चार-दहा घरांच्या वस्त्या. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाला जोडले गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. घराघरांतली मराठी मात्र कुठे गेली नाही. माझं माहेर जैनद भागातलं. पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. आमच्या वर्गात तेलुगू घरची मुलं होती, लंबाडी बोलणारी तांड्यावरची होती, गोंड होती, दोन-तीन कोलाम होती, उर्दू बोलणारी होती, आणि थोडी आमच्यासारखी मराठीही. वर्गात सगळे तेलुगूत शिकत. मधल्या सुट्टीत भाताच्या रांगेत उभे राहिले की कोण कुठल्या भाषेत भांडतंय ते लांबून ऐकू यायचं.

शहरात दहावीचा निरोप झाला तरी मुलं दोन महिन्यांनी त्याच कॉलेजच्या कट्ट्यावर पुन्हा भेटतात. इथे तसं नाही. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, कोणी बोथला जातं, कोणी इच्चोड्याला, कोणी आदिलाबादच्या हॉस्टेलात. कोणी हैदराबादला बांधकामावर, कोणी बापाच्या कापसात. मुलींचं काय होणार हे त्यांच्या हातात नसतं. कोलाम वस्तीवरचा मुलगा आणि बाजारातल्या दुकानदाराची मुलगी एका बाकावर बसली ती दहावीपर्यंतच. पुढे ती बाजारात एकमेकांना दिसली तर एक गिऱ्हाईक असतं आणि दुसरी गल्ल्यावर. मला म्हणूनच दहावीचा निरोपसमारंभ कधी नुसता कार्यक्रम वाटला नाही. पुष्कळ मुलांच्या आयुष्यात तो शाळेचाच शेवट असतो, आणि मुलांना ते आमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

हिंदीला त्या वेळी वीस गुण मिळाले तरी मूल पास व्हायचं, बाकीच्या विषयांना पस्तीस लागायचे. त्यामुळे हिंदीची भीती कोणाला नसे, आणि मला वर्गात मोकळेपणाने बोलायला वेळ मिळे. सहावीत आलेल्या गोंड मुलांना देवनागरी अक्षरं नवी वाटायची. मी त्यांना सांगे, ही अक्षरं तुमच्या आजोबांच्या पिढीला नवी नव्हती. १९४० च्या दशकात, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाईला हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं, आणि गोंड मुलांसाठी गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली गेली. निजामाच्या नोकरीत असलेले आपले सेतुमाधवराव पगडी याच मुलखात गोंडी शिकले आणि त्या भाषेचं व्याकरण त्यांनी लिहिलं. एका गोंड मुलाने हे फार मनावर घेतलं. हिंदीच्या वहीच्या मागच्या पानांवर तो गोंडी लिहायला लागला. मला वाचून दाखवायचा, आणि मी उच्चार चुकले की पुन्हा म्हणायला लावायचा. उंच, सडपातळ, सगळ्यात मागे बसणारा मुलगा. त्याच्याबद्दल पुढे लिहीनच.

भीती होती ती गणिताची. आणि गणिताचे आमचे सर म्हणजे त्या शाळेचा कणा होते. तेलुगू माणूस, करीमनगरकडचे, बदली मागायची संधी आली तरी मागितली नाही. जानेवारीपासून दहावीचे स्पेशल क्लास सुरू होत: सकाळी शाळेआधी एक, संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक. संध्याकाळच्या वर्गाला उपाशी पोरं पेंगायची, म्हणून सर घरून भिजवून उकडलेले हरभरे डब्यात घेऊन यायचे. स्लिप टेस्ट, बिट पेपर, प्री-फायनल, सगळं त्यांचं वेळेवर. वर्गातली कच्ची मुलं त्यांनी आम्हा शिक्षकांत वाटून दिली होती, एकेकाने चार-पाच मुलं दत्तक घ्यायची. माझ्या वाट्याला गणितातली चार आली, आणि त्यांच्यासोबत बसून मीसुद्धा वर्गसमीकरणं पुन्हा शिकले.

त्यांचा आलेखाचा तास मला नेहमी आठवतो. बहुपदीचा आलेख काढताना मुलं बिंदू बरोबर मांडतात आणि मग पट्टी घेऊन ते सरळ रेघांनी जोडतात. खोलगट वाटीऐवजी कोपरे-कोपरे असलेलं काहीतरी तयार होतं, आणि हातचे गुण जातात. सर सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून टेबलावर ठेवायचे. मग प्रत्येकाच्या मागे उभं राहून सांगायचे: पेन्सिल सैल धर, मनगट नको, कोपरापासून हात फिरव, एका दमात जा, मध्ये थांबू नको. तांड्यावरची एक मुलगी होती, कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. पहिल्या दिवशी तिची रेघ थरथरत गेली. तिने आलेखाचा एक अख्खा कागद नुसत्या वाट्यांनी भरला, एकीखाली एक. फेब्रुवारीत तिची रेघ बघून सरांनी तो कागद वर्गभर फिरवला. जूनपर्यंत तो वर्गाच्या भिंतीला चिकटवलेला होता.

त्याच शालेय वर्षातल्या कार्तिकात सहल गेली होती कुंटालाला. कुंटालाचा धबधबा नेरडीगोंडा मंडलातच, कडेम नदीवर. उंची १४७ फूट सांगतात. दुष्यंताची शकुंतला इथे रमली म्हणून हे नाव पडलं असं लोक म्हणतात. जवळ सोमेश्वराचं ठाणं आहे, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. पायऱ्या उतरून खाली गेलं की पाण्याचा आवाज इतका, की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. कुंड फसवं आहे, माणसं बुडून गेली आहेत, म्हणून सरांनी पाण्यात उतरायची सक्त मनाई केली आणि पोरं हिरमुसली. मग त्यांनी पिशवीतून कंपासपेटीतले कोनमापक काढले. प्रत्येकाला दोरा बांधलेला, दोऱ्याच्या टोकाला खडा. त्रिकोणमितीच्या उपयोजनाचा धडा त्यांनी वर्गात मुद्दाम शिकवला नव्हता, इथे राखून ठेवला होता. एकाने कोनमापकाच्या सरळ कडेवरून धबधब्याच्या माथ्याकडे बघायचं, दुसऱ्याने दोरा कुठल्या अंशावर पडला ते वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं. मग मागे सरकून, अंतर पावलांनी मोजून, पुन्हा बघायचं. खडकावर बसून उन्हात मुलांनी गणितं केली. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं आलं. एका गटाचं उत्तर फार जवळ गेलं तेव्हा जी आरोळी उठली, ती मात्र पाण्याच्या आवाजातही ऐकू आली. त्या गटात माझी एक मराठी विद्यार्थिनी होती. नाव लिहीत नाही. शेवटच्या बाकावरची, आईबाप सालदार, बोलायला लागली की थांबत नसे. तेलुगूत सगळ्यांशी बोलायची आणि माझ्याजवळ आली की आवाज उतरवून म्हणायची, "मॅडम, आपल्या भाषेत सांगा ना एकदा." परतीच्या रस्ताभर ती टॅन थीटा म्हणजे काय ते ड्रायव्हरला समजावत होती.

निरोप नववीने दिला, दरवर्षी देतात तसा. सरस्वतीच्या फोटोला हार, नारळ, मुलींनी आईच्या नेसलेल्या साड्या, बगारा अन्न आणि कोंबडीचा रस्सा. दहावीने शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली, सगळ्याच भाषणांत मुली रडल्या. गणिताच्या सरांनी नेहमीप्रमाणे भाषण करायचं नाकारलं. त्यांचा एक नेम होता: शेवटच्या पेपरच्या दिवशी नेरडीगोंड्याला, परीक्षा केंद्राबाहेर, ते सगळ्या वर्गाला उसाचा रस पाजत आणि तिथेच गुऱ्हाळाजवळ उभे राहून जे काही बोलायचं ते बोलत. मुलं त्या रसाची वाट बघत. मोठ्या भावंडांकडून ऐकलेलं असायचं ना. गोंड मुलाने निरोपाच्या दिवशी माझ्या वहीत दोन ओळी लिहून दिल्या, देवनागरीत, गोंडीतल्या. अर्थ विचारला तर म्हणाला, शेवटच्या पेपरला सांगतो.

परीक्षा सुरू झाली तेव्हा बातम्या येतच होत्या. केंद्रावर तोंडाला फडकी, हाताला औषधाचे थेंब. पहिले दोन पेपर झाले आणि शुक्रवारी हायकोर्टाचा आदेश आला की शनिवारचा पेपर होऊ द्या, सोमवारपासूनचे पुढे ढकला. त्यामुळे हिंदी लिहून बाहेर आलेल्या मुलांना एवढं ठाऊक होतं की मध्ये सुट्टी मिळणार. मुलं उलट खूशच होती, गणिताला आणखी दिवस मिळाले म्हणून. निबंध कुठला आला, पत्र कुठलं आलं, हे सांगायला माझ्याभोवती गोळा झाली. मराठी मुलीने विचारलं, "मॅडम, मंग गणिताचा पेपर कधी होईन?" मी म्हटलं, पाडव्यानंतर होईल बघ. गणिताचे सर म्हणाले, वह्या मिटायच्या नाहीत. गुऱ्हाळ चालू होतं, एका मुलाने आशेने तिकडे पाहिलंही; सर म्हणाले, "रस शेवटच्या पेपरला." ऑटो भरभरून मुलं गेली. दुसऱ्या दिवशी रविवारी जनता कर्फ्यू लागला, बस बंद झाली, आणि तो वर्ग त्यानंतर पुरा असा कधीही जमला नाही.

एप्रिलमध्ये महामार्ग माणसांनी भरून गेला. हैदराबादकडून बांधकामावरचे मजूर उत्तरेला निघाले होते. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड. डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं, पायांत फाटक्या चपला. वरून आदिलाबादचं ऊन. आमच्या गावातल्या तरुण मुलांनी रस्त्याच्या कडेला मांडव घातला आणि पाण्याचे कॅन, ताक, भात ठेवला. एका सकाळी मी तिथे गेले तर दहावीची पाच-सहा मुलं कामाला लागलेली. त्यांच्यात तो गोंड मुलगाही होता, वस्तीवरून चालत आलेला. एका बाईच्या पायाला फोड आले होते, ती बसकण मारून रडत होती आणि तिचा नवरा कोणाशीच बोलायला तयार नव्हता. मुलगा उकिडवा बसला आणि हळूहळू, शब्द जुळवत, हिंदीत विचारायला लागला: कहाँ से आए हैं, कहाँ जाना है, बच्चे ने कुछ खाया क्या. लिंग चुकत होतं, 'ने' भलतीकडे पडत होता. त्या माणसाने मान वर केली आणि उत्तर दिलं. बिहारातल्या छपराचं नाव घेतलं. मुलगा मांडवात धावत गेला, परत आला, पुढच्या गावाला पाणी कुठे मिळेल, घाटाचा त्रास मागे पडला, इथून आदिलाबादपर्यंत रस्ता सरळ आहे, हे सगळं त्याने त्यांना सांगितलं. मी थोडी लांब उभी होते. पुढे गेले नाही. त्याला माझी गरज नव्हती.

गणिताचे सर त्या दिवसांत घरी बसलेच नाहीत. मोबाइल ज्यांच्या घरी होता त्यांना हाताने लिहिलेल्या सरावपेपरांचे फोटो पाठवत. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी, मे महिन्यात बंधनं सैल झाल्यावर, मोटरसायकलच्या डिकीत कागद घालून तांड्यावर, गुड्यावर जात. झाडाखाली लांब-लांब बसवून पेपर सोडवून घेत आणि उत्तरं तपासून परत देत. ८ जूनपासून उरलेले पेपर होणार, असं वेळापत्रक आलं. मुलांनी पुन्हा वह्या काढल्या. आणि त्याच ८ जूनला सरकारने जाहीर केलं की परीक्षा रद्द, वर्षभरातल्या अंतर्गत चाचण्यांच्या गुणांवरून सगळे पास. राज्यातली ५ लाख ३४ हजारांवर मुलं. निर्णय योग्यच होता. त्या दिवसांत एका खोलीत मुलांना कोंबणं मलाही पटलं नसतं. पण जे झालं ते झालं: त्या वाट्यांच्या रेघा कोणी पाहिल्या नाहीत, कुंटालाच्या खडकावर बसून जे शिकले ते कोणी विचारलं नाही. २०२१ च्या वर्गाची परीक्षा झालीच नाही आणि २०२२ पासून पेपर सहावर आले. अकरा पेपरांची परीक्षा द्यायला बसलेला हा शेवटचा वर्ग.

मेमो घ्यायला मुलं एकेकटी आली. तोंडावर फडकं, लांबूनच सही, लांबूनच नमस्कार. गोंड मुलाला मी त्या दोन ओळींचा अर्थ विचारायचं मनात धरून होते, पण तो माझ्या नसलेल्या दिवशी येऊन गेला.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, गणिताचे सर गेले. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, मग श्वास लागला. शहरात नेलं, तिथून परत आले नाहीत. अंत्यविधीला घरची तीन-चार माणसं, बाकी कोणाला येऊ दिलं नाही. कितीतरी मुलांनी मला फोन केले. कोणी काही बोलत नव्हतं. तांड्यावरची ती मुलगी एवढंच म्हणाली, "सार को एक बार पेपर दिखाना था, मॅडम." ती माझ्याशी हिंदीत का बोलली, कोण जाणे. मला त्या क्षणी तिच्याशी कुठलीच भाषा बोलता आली नाही. आजही हे लिहिताना हात थांबतो. मला त्यांच्याशी भांडायचं होतं: रस तेव्हाच का नाही पाजला, दोन शब्द तेव्हाच का नाही बोललात. गुऱ्हाळ तर समोर चालू होतं.

गेल्या संक्रांतीच्या सुट्टीत त्या वर्गाने शाळेत आत्मीय सम्मेलन, म्हणजे जुन्या वर्गाचा मेळावा, केलं. हल्ली इकडे प्रत्येक बॅच करते. गेटवर फ्लेक्स, शिक्षकांना शाली, जेवण. पण ही मंडळी ते करायला धजत नव्हती. शेवटचा पेपर न लिहिलेल्यांनी कसलं सम्मेलन करायचं, असं त्यांच्यातलेच काही म्हणत होते. मग एकाने सगळ्यांना फोन लावले. जेमतेम निम्मे आले. कोणी हैदराबादेत डिलिव्हरीची मोटरसायकल चालवतो, कोणी आयटीआय करून बुटीबोरीत कामाला, एकीचं नर्सिंग चालू, एक जण पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून नोकरीच्या शोधात. वाट्या काढणारी मुलगी डीएडच्या तयारीत आहे, तिला गणितच शिकवायचं आहे. गोंड मुलगा आला होता. जंगलखात्यात रोजंदारीवर आहे. ओळींचा अर्थ विचारला तर हसला आणि सांगितला. त्या ओळी त्याने माझ्यासाठी लिहिल्या होत्या, अर्थ इथे देत नाही. सरांचा फोटो टेबलावर होता. मुलांनी उसाचा रस आणला नव्हता. आणावा का यावर म्हणे बराच वाद झाला होता आणि शेवटी नको ठरलं. बरं झालं. तो रस पाजणाऱ्याचा होता.

माझी मराठी मुलगी कडेवर पोर घेऊन आली. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात वऱ्हाडी मोजके, खर्च कमी, म्हणून कितीतरी बापांनी लग्नं उरकून टाकली. तिचंही त्यातच, वय पुरं नसताना. सोबत सासू होती. जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मेमो काढला. "मॅडम, हा चालन का ओपन इंटरला? का न लिहिता पास म्हणून परत पाठवतील?" मी म्हटलं, चालतो, हा सगळ्यांसारखाच मेमो आहे. तिने तरी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "मंग मले गणित घ्यायचं आहे."

सासू म्हणाली, रविवारचं लेकरू मी पाहीन, बाकीचे दिवस जमायचं नाही. शिकवणार कोण, असा प्रश्न आला तर डिप्लोमावाला मुलगा म्हणाला, नोकरी लागेपर्यंत मी येतो. हेडमास्तरांनी व्हरांडा वापरायला दिला. दर रविवारी सकाळी नऊला असं ठरलं, आणि कुठून सुरुवात करायची यावरून दोघांची तिथेच जुंपली: तो म्हणत होता आधी वर्गसमीकरणं पक्की करू, आणि ती त्रिकोणमितीशिवाय ऐकायला तयार नव्हती.